जुनी डिस्क, नवी डिस्क : वाचकांच्या शंका

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. कुणी नवं यंत्र घेतलं, कुणी जुन्यातच एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवून आणखी काही वर्षं काढायचं ठरवलं. या वेळची बहुतेक पत्रं त्याच खटाटोपातली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून घेतले आहेत.

प्रश्न : लॅपटॉपमध्ये १ टीबीची हार्ड डिस्क आहे. सी ड्राइव्हमध्ये ९५ जीबी भरलंय, डीमध्ये २६० जीबी फोटो आणि व्हिडिओ. ४८० जीबीची एसएसडी आणली, पण नवी डिस्क लहान आहे म्हणून क्लोनझिला (डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन करणारं मोफत सॉफ्टवेअर) नकार देतं. दुकानदार म्हणतो, विंडोज नव्यानं टाकू. पण हिशेबाचा प्रोग्रॅम आणि मराठी फॉण्ट पुन्हा बसवायची आमची तयारी नाही. पैसे न मोजता काही होईल का?
(राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : होईल. क्लोनझिलाचा नकारही बरोबरच आहे. डिस्क किती भरली आहे हे ते बघत नाही, पार्टिशनची (डिस्कवर पाडलेल्या सी, डी अशा भागांची) हद्द कुठवर जाते ते बघतं. तुमची १ टीबी विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसत असेल आणि ४८० ची एसएसडी ४४७. (कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. यात कुणी फसवत नाही.) ९३१ ची आखणी ४४७ वर बसणार कशी? आधी जीपार्टेड या पार्टिशन कमी-जास्त करायच्या साधनानं ते आखडून, मग क्लोनझिलाच्या तज्ज्ञांसाठीच्या मोडमध्ये आकाराची तपासणी बंद करून ते जमवता येतं. पण पहिल्यांदाच हे करणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये.

तुमच्यासाठी सोपं म्हणजे विंडोजच्या आत चालणारं साधन. एसएसडीच्या कंपनीचं मोफत साधन आहे का ते आधी पाहा. सॅमसंगचं स्वतःचं आहे; डब्ल्यूडी, क्रुशियल आणि किंग्स्टन या कंपन्या अ‍ॅक्रॉनिसची खास आवृत्ती देतात. त्या त्या कंपनीची डिस्क जोडलेली असेल तरच ही साधनं चालतात. नसेल तर हॅसलिओ बॅकअप सूटची मोफत आवृत्ती घ्या. तिच्यात ‘डिस्क क्लोन’ निवडू नका, ‘सिस्टम क्लोन’ निवडा. मग फक्त बूटचं छोटं पार्टिशन, सी आणि रिकव्हरी (विंडोज दुरुस्तीचं पार्टिशन) एवढंच नव्या डिस्कवर जातं आणि सीचा आकार तिथल्या तिथे ठरवता येतो. डीचे २६० जीबी जुन्या डिस्कवरच राहू द्या. ती डिस्क नंतर अडीच इंची यूएसबी केसिंगमध्ये घातली की फोटोंसाठी बाहेरची डिस्क तयार. सगळं मिळून ३५५ जीबी ४४७ मध्ये मावेल हे खरं, पण एसएसडी ८० टक्क्यांच्या वर भरू नये. मोकळी जागा कमी झाली की लिहिण्याचा वेग पडतो.

आता मुख्य अडचण केसिंगची. क्लोन करताना नवी एसएसडी यूएसबी केसिंगमध्ये घालून बाहेरून जोडायची असते. काही यूएसबी केसिंग आतल्या डिस्कचं सेक्टर (डिस्कवरचा सर्वांत लहान कप्पा) ५१२ बाइटचं असताना संगणकाला ४०९६ बाइटचं म्हणून सांगतात. त्यात बसवून क्लोन केलं की सगळं सुरळीत झाल्यासारखं दिसतं, मात्र एसएसडी लॅपटॉपमध्ये लावली की पार्टिशनच सापडत नाहीत. दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. म्हणून क्लोन सुरू करण्याआधी विंडोजचं ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडा, त्यात कॉम्पोनंट्स, स्टोरेज, डिस्क्स असं जा. दोन्ही डिस्कपुढे ‘बाइट्स पर सेक्टर’ ५१२ आहे ना ते पाहा. नसेल तर दुसरं केसिंग किंवा साधी साटा-यूएसबी केबल आणा.

वेळ किती लागेल? यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टात ९५ जीबीला अर्धा-पाऊण तास, यूएसबी २ मध्ये तासाच्या पुढे. रात्री जेवणं झाल्यावर लावा आणि सराफ्यात एक चक्कर मारून या. पण लॅपटॉप चार्जरवर हवा आणि झोपेत जायची सेटिंग बंद हवी.

क्लोन झालं की लॅपटॉप पूर्ण बंद करा, जुनी डिस्क काढा, एसएसडी बसवा. पहिला बूट फक्त नव्या डिस्कवर. दोन्ही डिस्कवर ओळखक्रमांक एकच असतो. दोन्ही जोडलेल्या राहिल्या की विंडोज एकीला ऑफलाइन करतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे मुकाट्यानं जुन्या डिस्कवरूनच सुरू होतं. मग ‘एसएसडी लावून काही फरक पडला नाही’ अशी तक्रार येते. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली ‘डिस्क ०’ वर क्लिक करा. तिथे ‘एसएसडी’ आणि ‘सी:’ दोन्ही लिहिलेलं दिसलं म्हणजे काम झालं.

बूटच झालं नाही तर बायोस सेटिंग पाहा. जुनी डिस्क बूट होण्याच्या ज्या पद्धतीची, जुनी लेगसी की नवी यूईएफआय, तीच नव्यालाही लागते. तेही बरोबर असेल तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून रिपेअरमध्ये जाऊन कमांड प्रॉम्प्टवर ‘बीसीडीबूट’ ही कमांड द्यायची आणि तिच्यापुढे विंडोज फोल्डरचा पत्ता. तिथे सी हा सीच असेल असं धरू नका. आधी प्रत्येक अक्षराखाली काय आहे ते उघडून पाहा.

फॉण्ट जसेच्या तसे येतील. हिशेबाच्या प्रोग्रॅमचा परवाना डॉंगलवर (यूएसबीत लावायच्या चावीवर) असेल तर तोही चालेल. डिस्कच्या कारखान्यातल्या क्रमांकाशी बांधलेला असेल तर मात्र पुन्हा नोंदवावा लागेल, कारण तो क्रमांक कुठलंही क्लोन नक्कल करू शकत नाही. तेव्हा परवाना परत करायची सोय त्या प्रोग्रॅममध्ये असेल तर ती डिस्क बदलण्यापूर्वी वापरा.

प्रश्न : पूर्वी मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती वापरत होतो, आता ती मिळत नाही. ‘फ्री’ म्हणून जे उतरवतो ते क्लोनच्या शेवटच्या बटणावर पैसे मागतं. खरोखर मोफत काय उरलंय?
(दांडिया बाजार, बडोदे)

उत्तर : मॅक्रियमनं मोफत आवृत्ती बंद केली आणि तिला सुरक्षा दुरुस्त्या मिळणं १ जानेवारी २०२४ ला थांबलं. बाकीच्या प्रसिद्ध नावांनी हळूहळू एकच केलं. पार्टिशन कापणं-जोडणं फुकट ठेवलं, विंडोजसकट डिस्क हलवणं पैशांत टाकलं. मिनीटूल, एओमेई, ईझयूएस या तिघांचे मोफत पार्टिशन प्रोग्रॅम डीसारख्या डेटाच्या डिस्कला उपयोगी आहेत, पण चालू विंडोज हलवायच्या वेळी अडतात.

कायमचं मोफत म्हणजे मुक्त परवान्याचं सॉफ्टवेअर. क्लोनझिला तैवानच्या सरकारी सुपरकॉम्प्युटिंग केंद्रातून येतं आणि दुकान, शाळा, कचेरी कुठेही चालवायला हरकत नाही. तसं ‘घरगुती वापरासाठी मोफत’ असं बारीक अक्षरांत लिहिलेल्या साधनांचं नाही. क्लोनझिलाच्या निळ्या-करड्या पडद्याला भीत असाल तर रेस्क्यूझिला घ्या. आत जवळपास तीच यंत्रणा, वर माउसनं चालणारा साधा चेहरा, आणि क्लोनझिलाच्या इमेजही (डिस्कच्या फाइलींत साठवलेल्या प्रती) ते उघडतं. पार्टिशनसाठी जीपार्टेड लाइव्ह. एका पेनड्राइव्हवर व्हेंटॉय टाकून या तिन्हींच्या आयएसओ फाइली नुसत्या कॉपी केल्या की बूट करताना यादीतून हवं ते निवडता येतं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरून उरतो. हे सगळं मूळ साइटवरूनच उतरवा. डाउनलोडच्या तिऱ्हाईत साइटी सोबत नको ते सामान बांधून देतात.

प्रश्न : सी लालभडक झालाय, डीमध्ये ३०० जीबी रिकामे. डी थोडा लहान केला, पण सीवर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ हा पर्याय फिकटच राहतो.
(सुदामानगर, इंदूर, असंच पत्र रामबागेतूनही)

उत्तर : विंडोजला सीच्या उजव्या भिंतीला लागून मोकळी जागा हवी असते. डी लहान केला की जागा डीच्या उजवीकडे सुटते, म्हणजे शेजाऱ्याच्या पलीकडचा प्लॉट. मध्ये बहुधा ५००-६०० एमबीचं रिकव्हरी पार्टिशनही बसलेलं असतं. कुठल्याशा पायरीवर विंडोज ‘डिस्क डायनॅमिक करू का’ विचारील. तिथे ‘नाही’. डायनॅमिक डिस्क मायक्रोसॉफ्टनंच मोडीत काढली आहे आणि बरीच मोफत साधनं तिला हात लावत नाहीत.

कापाकापीच्या आधी जागेचा एक खर्च तपासा. हायबरनेशनची (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून झोपण्याची) फाइल साधारण रॅमच्या ४० टक्के असते, १६ जीबी रॅमला सहा जीबीच्या वर. हायबरनेशन वापरत नसाल तर ते बंद करून ही जागा मोकळी करा. डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज या फोल्डरांच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकेशन’ नावाचा टॅब असतो, तिथून ते अख्खे डीवर हलवता येतात. ‘विंडोज डॉट ओल्ड’ असेल तर डिस्क क्लीनअपनं काढा. निम्म्या लोकांचं काम इथेच भागेल.

तरीही सी वाढवायचाच असेल तर डीमधला माल बाहेरच्या डिस्कवर काढा, डी पुसा, मधलं रिकव्हरी जीपार्टेडनं उजवीकडे सरकवा, सी वाढवा, उरलेल्या जागेत डी नव्यानं बनवा. माल आत ठेवून डीची डावी भिंत सरकवण्यापेक्षा हे लवकर होतं. डावी भिंत सरकवणं म्हणजे डीमधला प्रत्येक बाइट उचलून पुढे ठेवणं. चारशे जीबीला हार्ड डिस्कवर अर्धा दिवस जाऊ शकतो, आणि त्या अर्ध्या दिवसात लाइट गेली तर निम्मा माल जुन्या जागी, निम्मा नव्या. पावसाळ्यात यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर हे करूच नका.

जीपार्टेड सीला हात लावायला तयार नसेल, शेजारी पिवळा त्रिकोण दिसत असेल, तर कारण बहुधा ‘फास्ट स्टार्टअप’. ते चालू असताना ‘शट डाउन’ म्हणजे खरं बंद होणं नसतंच. विंडोज अर्धवट झोपतं आणि ड्राइव्ह उघडा ठेवतं. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समधून ते बंद करा, किंवा एकदा शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा. दुसरं कारण एन्क्रिप्शन (विंडोजचं बिटलॉकर), म्हणजे डिस्कवरचा मजकूर सांकेतिक करून कुलूपबंद ठेवणं. विंडोज ११ च्या २४एच२ पासून नव्यानं टाकलेल्या आणि मायक्रोसॉफ्ट खात्यानं सुरू केलेल्या यंत्रावर ते आपोआप चालू होतं, मालकाला पत्ताही नसतो. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ शोधा, ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा, मग बंद करा आणि उलगडणं पूर्ण होईपर्यंत थांबा. क्लोनझिलालाही या दोन्ही गोष्टी आधी लागतात. नाहीतर बिटलॉकरचं पार्टिशन त्याला न कळणारा ठोकळा वाटतं, आणि ते रिकाम्या जागेसकट प्रत्येक सेक्टर उतरवत बसतं.

नंतरच्या पहिल्या बूटला विंडोज डिस्क तपासायला घेईल. घेऊ द्या, मध्येच बंद करू नका. मग प्रशासकाच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘रीएजंटसी’ ला ‘इन्फो’ जोडून चालवा. रिकव्हरी ‘डिसेबल्ड’ दिसली तर तीच कमांड ‘एनेबल’ लावून द्या. जागा सरकल्यामुळे विंडोजला पत्ता चुकलेला असतो.

रिकव्हरी बनवतानाच थोडं मोठं ठेवा, १ जीबी. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चं एक अपडेट लाखोंच्या यंत्रांवर अडलं, ते त्या पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळे नव्हते म्हणून.

प्रश्न : ४ टीबीची डिस्क घेतली, २ टीबीच दिसते. बाकीची कुठे गेली?
(लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : डिस्क एमबीआर या पार्टिशन नोंदवायच्या जुन्या पद्धतीनं सुरू केली गेली आहे. त्या पद्धतीत सेक्टर मोजायला ३२ बिट असतात, ५१२ बाइटच्या सेक्टरला ती मोजणी २०४८ जीबीला संपते. डिस्क रिकामी असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये सगळी पार्टिशन पुसा, डाव्या करड्या चौकोनावर राइट क्लिक करून ‘कन्व्हर्ट टू जीपीटी’ (जीपीटी ही नवी पद्धत). आता सुमारे ३७२५ जीबी दिसतील. तरीही न दिसल्यास जुनं केसिंग किंवा डॉक बदला; काहींची झेपच २ टीबीची असते. विंडोज असलेली एमबीआर डिस्क न पुसता बदलायला विंडोजमध्येच ‘एमबीआर-टू-जीपीटी’ हे साधन आहे, पण प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त आणि एकही लॉजिकल नको. आणि लगेच बायोसमध्ये यूईएफआय करावं लागतं, नाहीतर बूट होत नाही.

प्रश्न : डिस्क फार हळू झाली आहे, मधूनच ‘टक-टक’ आवाज येतो. फाइल कॉपी एका जागी अडून बसते. चेकडिस्क लावू का?
(लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : लावू नका. चेकडिस्क दुरुस्ती म्हणून त्याच डिस्कवर लिहितं आणि खराब जागा पुन्हा पुन्हा वाचायला लावतं. मरायला टेकलेल्या डिस्कला ते झेपत नाही.

टक-टक एकसारखी, ठेक्यात आणि डिस्क ओळखलीच जात नसेल तर आतला हेड गेला. मग वीज तोडा; कुठलंही सॉफ्टवेअर कामाचं नाही, डेटा मोलाचा असेल तर स्वच्छ खोली असलेल्या प्रयोगशाळेकडेच. पण डिस्क दिसते आणि अधूनमधून अडते, तर डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो एकदाच उघडून तीन ओळी पाहा: ०५, सी५ आणि सी६. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निर्णय न झालेले सेक्टर. तिथे शून्य नसेल तर उरलेला वेळ कॉपीसाठी वापरायचा. फक्त सी७ वाढलेला असेल तर डिस्क बहुधा ठीक आहे, साटा केबल बदला. पन्नास-शंभर रुपयांत सुटका.

कॉपीसाठी साधी ओढाताण किंवा क्लोनझिला दोन्ही नको, वाचता न येणारा सेक्टर आला की ती अडतात. जीएनयू डीडीरेस्क्यू हवं. सिस्टमरेस्क्यू या पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या (लाइव्ह) लिनक्समध्ये ते तयार मिळतं. त्याची युक्ती अशी की आधी निरोगी भाग भराभर उचलायचा, खराब जागा आली की उडी मारून पुढे जायचं, आणि कुठे काय राहिलं ते एका नकाशाच्या फाइलमध्ये लिहीत जायचं. कमांडमध्ये क्रम ठरलेला असतो: आधी जुनी डिस्क, मग नवी, शेवटी नकाशाची फाइल. पहिल्या दोन उलट झाल्या तर कोरी डिस्क तुमच्या डेटावर उतरते. म्हणून आधी डिस्कची यादी काढून दोन्हींचं मॉडेल आणि आकार कागदावर लिहा. नुसतं ‘एसडीए’, ‘एसडीबी’ वर विसंबू नका; ती नावं पुढच्या बूटला बदलू शकतात.

नकाशाची फाइल तिसऱ्या ठिकाणी, वेगळ्या पेनड्राइव्हवर. लाइव्ह लिनक्सच्या डेस्कटॉपवर ठेवली तर ती रॅममध्ये असते, लाइट जाताच नाहीशी. पेनड्राइव्हवर असेल तर तीच कमांड पुन्हा दिली की काम सोडलं तिथून पुढे चालतं. पहिली फेरी खरवडणं (खराब जागेतला एकेक सेक्टर वाचत बसणं) टाळणारा ‘एन’ पर्याय लावून. पडद्यावर ‘रेस्क्यूड’ पुढे ९९ टक्क्यांच्या वर आकडा गेला की दुसरी फेरी, ‘आर’ पुढे ३ लावून, म्हणजे राहिलेल्या जागांना तीन-तीन संधी. डिस्क तापत असेल तर दोन फेऱ्यांच्या मध्ये थंड होऊ द्या आणि टेबल फॅन तिच्यावर वळवा. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. चेकडिस्क चालवायची हौस मग नव्या प्रतीवर भागवा.

प्रश्न : आमच्या क्लासमध्ये एकाच मॉडेलचे बारा संगणक आहेत. एक नीट तयार करून बाकी अकरांवर तसाच उतरवायचा आहे. चालेल?
(इंदूर)

उत्तर : चालेल. डिस्क-टू-डिस्क अकरा वेळा करू नका. क्लोनझिलात ‘डिव्हाइस-इमेज’ निवडून बाहेरच्या डिस्कवर एकदाच इमेज घ्या आणि तीच अकरा वेळा उतरवा. इमेज दाबून ठेवलेली असते आणि फक्त भरलेला भाग घेते, म्हणून ६० जीबीचं विंडोज ३०-४० जीबीत मावतं. पुढे एखाद्या विद्यार्थ्यानं संगणक बिघडवला की त्याच इमेजवरून पुन्हा उभा करता येतो.

पण इमेज घेण्यापूर्वी मूळ संगणकावर विंडोजचंच ‘सिसप्रेप’ साधन ‘जनरलाइज’ वर टिक करून चालवा. न चालवल्यास बाराही यंत्रांचा आतला सुरक्षा-क्रमांक एकच राहतो. पूर्वी ते खपून जायचं. ऑगस्ट २०२५ अखेरच्या अपडेटपासून विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ आवृत्त्या असा सारखा क्रमांक दिसला की एकमेकांना नेटवर्कवर ओळख नाकारतात. शेअर केलेलं फोल्डर उघडत नाही, पासवर्ड बरोबर असूनही चूक सांगतात. उतरवल्यावर प्रत्येकाचं नाव बदला, आयपी पत्ता हातानं दिलेला असेल तर तोही. विंडोजचा परवाना दर संगणकाला वेगळा लागतोच. कंपनीकडून विंडोजसह आलेल्या यंत्रांत तो मदरबोर्डवर असतो आणि आवृत्ती तीच असेल तर आपोआप लागू होतो.

प्रश्न : डिस्क मॅनेजमेंटमध्ये चुकून डी पुसला गेला. लग्नाचे सगळे फोटो त्यात होते. अजून काही केलेलं नाही.
(बडोदे)

उत्तर : काही केलं नाही हेच उत्तम केलंत. नवं पार्टिशन बनवू नका, ‘फॉरमॅट करायचं का’ विचारलं तर नको म्हणा. हार्ड डिस्क असेल तर पार्टिशन पुसणं म्हणजे फक्त अनुक्रमणिकेतली ओळ खोडणं. मजकूर तिथेच आहे. एसएसडी असेल तर लगेच संगणक बंद करा. तिच्यात फॉरमॅट होताच ट्रिमची (मोकळी झालेली जागा खरोखर साफ करण्याची) आज्ञा जाते आणि मग मजकूर खरोखरच जातो.

टेस्टडिस्क मोफत आहे, विंडोजवरही चालतं. ते दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवून प्रशासक म्हणून उघडा, डिस्क निवडा, पार्टिशनची पद्धत ते स्वतः ओळखील ती मान्य करा, ‘अ‍ॅनालाइज’, मग ‘क्विक सर्च’. हरवलेलं पार्टिशन यादीत आलं की त्यावर उभं राहून ‘पी’ दाबा. फोल्डरांची नावं आणि फोटो दिसू लागले तर ते ‘सी’ नं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या. कॉपी पूर्ण झाल्यावरच हवं तर ‘राइट’. यादीत नाही आलं तर ‘डीपर सर्च’, त्याला काही तास लागतात. तेही हुकलं तर सोबतचंच फोटोरेक चालवा. फोटो मिळतील, पण फाइलींची नावं आणि फोल्डर नसतील; तारखेवरून लावत बसावं लागेल. फोटोरेकला फाइली ठेवायला जागा विचारली की चुकूनही तीच डिस्क देऊ नका.